शुद्ध नमुना

“बाई, इथं सही करा,” अन्न खात्याचे धारूरकर साहेब म्हणाले आणि त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं.

ओट्यावर चार बरण्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीत पनीरचे तुकडे, वर नमुना टिकवायच्या औषधाचे थेंब, झाकणाला दोरा, दोऱ्याच्या गाठीवर लाल लाख. लाखेच्या धुरकट वासानं सगळं स्वयंपाकघर भरलं होतं. माझ्या एका बाजूला वसतिगृहाच्या रेक्टर देसले मॅडम उभ्या होत्या. संस्थेचे सचिव भटूअण्णा दाराला टेकून मोबाइल बघत होते.

“मी सही करणार नाही,” मी म्हटलं.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “का? नमुना तुमच्या समोरच घेतला ना? पनीर खराब वाटतंय का तुम्हाला?”

“नाही साहेब. पनीर चांगलं आहे. म्हणूनच करणार नाही.”

भटूअण्णांनी मोबाइल खिशात टाकला.

मी चंद्रकला निकुंभ. त्या मुलींच्या वसतिगृहात मी अकरा वर्षं स्वयंपाक केला. एकशे बारा मुली, सगळ्या डोंगरातल्या पाड्यांवरच्या. पाचवीला यायच्या तेव्हा हाताची कांडं दिसायची. सरकारच्या तक्त्यात त्यांच्यासाठी आठवड्याला अंडी लिहिलेली होती. संस्थेच्या अध्यक्षांना अंडी चालत नव्हती, म्हणून अंड्यांच्या जागी शनिवारी रात्रीच्या जेवणात पनीर आलं. आणि पनीर आलं ते भटूअण्णांच्या साडूच्या कारखान्यातून, ‘भाग्यतेज’ नावाच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांमधून. पिशवीवर गाईचं चित्र होतं आणि खाली मोठ्या अक्षरात ‘शंभर टक्के दुधाचे’.

दूध कसं नासतं, त्याचं पनीर कसं होतं, हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या माहेरी चार म्हशी होत्या. ह्या पनीरला सुरी लावली की ते रबरासारखं मागं यायचं. भाजीत घातलं की तवंग सुटायचा आणि थंड झाला की मेणासारखा थिजायचा. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता लावलेला होता, ‘भेसळ घरच्या घरी ओळखा’. त्यात लिहिलं होतं, पनीर पाण्यात उकळा, गार करा, वर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळंकाळं झालं तर पीठ मिसळलंय. जून महिन्यात मी प्रथमोपचाराच्या पेटीतलं आयोडीन घेतलं आणि टाकलं. दौतीतली शाई सांडावी तसं ते पनीर काळं पडलं.

मी ते ताटलीत घेऊन देसले मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी ताटलीकडं बघितलं, मग दार लावून घेतलं.

“चंद्राताई, पीठच आहे ना? विष तर नाही? भाकरीत काय असतं, पीठच असतं.”

“पण मॅडम, बिल दुधाचं…”

“बिलाचं तुम्ही बघू नका. तुमच्या मुलाचं कॉलेज चालू आहे ना अजून?”

मी ताटली धुऊन टाकली. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच पनीर चिरलं. हे मी लपवून ठेवणार नाही.

तेरा जुलैच्या शनिवारी टेम्पो दुपारी आला. पहिली पिशवी कापली आणि आंबूस, ओल्या फडक्यासारखा वास आला. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी लांबूनच नाक मुरडलं आणि म्हणाल्या, “गरम पाण्यानं दोनदा धुवा. मसाला जरा जास्त घाला. आता एवढ्या मुलींना दुसरं काय देणार?” मी धुतलं. मसाला जास्त घातला. रविवारी सकाळी अडतीस मुली उलट्या करत होत्या. न्हाणीघरात, जिन्यावर, अंथरुणात. सदतीस मुली तालुक्याच्या दवाखान्यातून तीन दिवसांत परत आल्या. सातवीतल्या रविता वळवीला जिल्ह्याला नेलं.

रविवारी दुपारपर्यंत उरलेली भाजी खड्ड्यात गेली होती आणि वर फिनेल ओतलं होतं. अन्न खात्याचे साहेब आले ते शुक्रवारी, एकोणीस तारखेला. गुरुवारी संध्याकाळीच भटूअण्णांचा माणूस पनीर ठेवून गेला होता. तेही भाग्यतेजच्याच पिशवीत, पण आत पांढरंशुभ्र, मऊ, बोटानं दाबलं तर भुगा होणारं. साहेब येणार हे आम्हाला गुरुवारीच कळलं होतं. भटूअण्णांना त्याच्याही आधी.

“पनीर चांगलं आहे म्हणून सही नाही, हे काय बोलणं?” धारूरकर साहेब म्हणाले.

मी कपाटातून आयोडीनची बाटली काढली. ताटात उरलेल्या एका तुकड्यावर दोन थेंब टाकले. पिवळट तांबूस डाग पडला, तसाच राहिला.

“बघा. आज काळं होत नाही. शनिवारी येतं ते होतं. मुलींनी खाल्लं ते हे नाही. तुम्ही सहा दिवसांनी आलात आणि तुमच्यासाठी आणलेलं पनीर बरणीत भरून नेताय. त्याच्यावर माझी सही कशाला हवी?”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” भटूअण्णा पुढं आले. “साहेब, हिच्याच हातची घाण पोरींच्या पोटात गेली. नखं बघा हिची.”

साहेबांनी खरंच माझे हात बघितले होते. आल्या आल्या. पालथे, उताणे, नखांच्या कडा. माझा वैद्यकीय दाखला मागितला होता, पाण्याची टाकी कधी धुतली ते विचारलं होतं. अकरा वर्षांत सरकारचा माणूस पहिल्यांदा ह्या स्वयंपाकघरात आला आणि त्यानं पहिल्यांदा तपासलं काय, तर माझे हात.

“बाई,” साहेब सावकाश म्हणाले, “जे समोर आहे त्याचाच नमुना मला घेता येतो. गेलेल्या शनिवारचा नाही.”

“मग गेलेल्या रविवारी यायचं होतं.”

साहेबांनी फॉर्म मॅडमपुढं सरकवला. मॅडमनी सही केली, अक्षरही हललं नाही. तेव्हा मी म्हटलं, “माझं म्हणणं त्याच्यावर लिहा.” साहेब थांबले. मग त्यांनी फॉर्म माझ्याकडं वळवला आणि बोटानं शेऱ्याची रिकामी जागा दाखवली. मी लिहिलं, ‘आजचे पनीर नेहमीचे नाही. नेहमीचे पनीर आयोडीनने काळे पडते. मुलींनी ते खाल्ले.’ माझं अक्षर सातवीपर्यंतचं. तीन ओळींना पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ भटूअण्णा बोलतच होते, आणि मला त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. कानात नुसती उकळी फुटली होती.

साहेब बरण्या खोक्यात भरायला लागले. जाता जाता म्हणाले, “मागच्या मालाची एखादी पिशवी तरी ठेवायची होती. रिकामी का होईना.”

“जाळल्या सगळ्या,” मॅडम घाईनं म्हणाल्या.

स्वयंपाकघरातल्या जाळल्या होत्या. पण मला एकदम आठवलं. पावसाळ्यात मुली त्या पिशव्या माझ्याकडं मागायच्या. प्लॅस्टिक जाड, पाणी आत जात नसे. मी धुऊन वाळवून द्यायचे. त्या रविवारच्या सकाळीसुद्धा, उलट्या सुरू व्हायच्या आधी, दोरीवर वाळत घातलेल्या पाच-सहा पिशव्या मुलींनी नेल्या होत्या.

“साहेब, वर चला,” मी म्हटलं. “मुलींच्या खोल्यांमध्ये.”

“मुलींच्या खोल्यांत परका पुरुष जाणार नाही,” भटूअण्णा दारात आडवे झाले. “नियम आहे संस्थेचा.”

“मॅडम आहेत की बरोबर. मी आहे.”

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांनी पडद्यावरचं नाव बघितलं. भटूअण्णांच्या चेहऱ्यावरून कळलं की कुणाचा फोन येणार हे त्यांना ठाऊक होतं. साहेब फोन कानाला लावून म्हणाले, “हॅलो… हॅलो सर… आवाज येत नाही सर, रेंज नाही इथं.” मी शेजारी उभी होते. पलीकडचा माणूस स्पष्ट ऐकू येत होता. साहेबांनी फोन बंद केला, खिशात ठेवला आणि भटूअण्णांना म्हणाले, “सरका.”

वरच्या लांब खोलीत मुली पलंगांवर गप्प बसून होत्या. अजून निम्म्यांच्या तोंडावर कळा नव्हती. मी म्हटलं, “पोरींनो, पनीरच्या पिशव्या आहेत ना, त्या सगळ्या काढा.”

कुणी हललं नाही. मॅडम माझ्या मागंच उभ्या होत्या.

“तुम्हाला कुणी रागावणार नाही. काढा.”

मग पहिल्या पलंगावरच्या मुलीनं पिशवीतला साबण काढून बाजूला ठेवला. दुसरीनं रिबिनी ओतल्या. कुणाच्या पिशवीत कंगवा, कुणाच्या शाळेचे दाखले, कुणाच्या भिजू नये म्हणून ठेवलेला भावाचा फोटो. पिशव्या एकीवर एक पलंगावर पडायला लागल्या. रविताच्या पलंगावरून तिच्या शेजारणीनं एक पिशवी आणली. आत तिची दोन पुस्तकं होती. तिनं ती पुस्तकं बाहेर काढली, उशीवर सरळ लावून ठेवली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

एकेचाळीस पिशव्या निघाल्या.

साहेब एका ट्रंकेवर बसले आणि एकेक पिशवी खिडकीच्या उजेडाला धरून वाचायला लागले. बऱ्याच पिशव्यांवरच्या तारखा जून-जुलैच्या होत्या. एका पिशवीशी ते थांबले. तिच्या खालची दुसरी घेतली. मग तिसरी.

“बाई, आज तारीख किती?”

“एकोणीस.”

“ह्याच्यावर बावीस जुलै आहे. निर्मितीची तारीख.” त्यांनी पिशवी मॅडमपुढं धरली. “म्हणजे हे पनीर येत्या सोमवारी तयार होणार आहे. आणि मुलींनी ते गेल्या शनिवारी खाल्लं.”

अशा सहा पिशव्या होत्या. मग साहेबांनी परवान्याच्या नंबरावर बोट ठेवून आकडे मोजले. पुन्हा मोजले. परवान्याचा नंबर चौदा आकडी असतो, हा तेराच आकडी होता. एकाही पिशवीवर चौदावा आकडा नव्हता. तीन वर्षं हे पनीर जिल्ह्यातल्या दुकानांमध्ये, हॉटेलांमध्ये, आमच्या स्वयंपाकघरात येत होतं आणि तेवढे आकडे कुणी मोजले नव्हते.

ट्रंकेवर बसूनच त्यांनी दोन तास पंचनामा लिहिला. त्यावर मात्र मी सही केली, आणि दुसरी सही समोरच्या किराणा दुकानदाराची घेतली. भटूअण्णा केव्हाच निघून गेले होते.

जिना उतरताना मी विचारलं, “आता त्यांना पकडतील ना?”

साहेब पायरीवर थांबले. “रिकाम्या पिशवीत काय होतं, हे मला सिद्ध करता येणार नाही बाई. लेबलाचा गुन्हा लावता येईल. खोटी तारीख, खोटा परवाना.”

“आणि मुली?”

“मी तेवढंच करू शकतो,” ते म्हणाले. चांगला माणूस असावा तो. पण त्या क्षणी त्याच्या हातातलं ते खोकं, त्या चार बरण्या, ते लाखेचे ठिपके, सगळं जिन्यावरून खाली फेकून द्यावं असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. रविवारी रविता गेली.

पंधरा दिवसांनी चार बरण्यांचा अहवाल आला. पनीर प्रमाणित, भेसळ आढळली नाही. स्थानिक पेपरात छापून आलं, ‘वसतिगृहातील पनीर निर्दोष, स्वयंपाकघरातील अस्वच्छतेचा संशय’. तो अहवाल भटूअण्णांनी चौकटीत घालून संस्थेच्या कार्यालयात लावला, असं मला एका मुलीनं सांगितलं. बाजारात बायका मला बघून बाजूला व्हायला लागल्या. एक जण तर तोंडावर म्हणाली, “हात धुवायला काय जात होतं गं तुझं?” पोलिसांनी माझा जबाब घेतला. मॅडमचा घेतला. नमुना निर्दोष म्हटल्यावर कागद पुढं सरकला नाही. धारूरकर साहेबांची दोन महिन्यांत लांब बदली झाली.

पिशव्यांचं प्रकरण मात्र चालू राहिलं. चौदा महिन्यांनी मला जिल्ह्याच्या ठिकाणी साक्षीला बोलावलं. रविताची आई मोगरीबाईही आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मीच निरोप धाडला होता. पहाटे जीपनं निघून, दोन गाड्या बदलून ती आली आणि सुनावणीच्या खोलीबाहेर बाकावर बसली. आत फक्त साक्षीदारांना सोडत होते.

आत एक मोठं टेबल, पलीकडं निकाल देणारे अधिकारी, बाजूला कारकून. धारूरकर साहेब कोपऱ्यात उभे होते, फार वाळले होते. कारखान्याचा वकील माझ्याकडं वळला.

“शिक्षण किती बाई?”

“सातवी.”

“ह्या पिशव्या तुम्ही मुलींना वाटत होता?”

“मागायच्या त्यांना द्यायचे.”

“म्हणजे पिशवी तुमच्या हातून गेली. मग तीत काय होतं, तेही तुमच्याच हातून गेलं, नाही का?”

“हो,” मी म्हटलं. “माझ्याच हातून गेलं. साहेब, त्या शनिवारी पनीरला वास येत होता. मी मॅडमना…”

“विषय लेबलापुरता ठेवा,” अधिकारी म्हणाले.

“पण साहेब, एक मुलगी…”

“ते ह्या प्रकरणात येत नाही. तारीख आणि परवाना, एवढंच विचारलंय. पिशव्या ह्याच होत्या का?”

“ह्याच.”

“बस. झालं.”

कारकुनानं ‘पिशव्या ओळखल्या’ एवढं लिहिलं. जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल वाचला. खोटं लेबल लावल्याबद्दल कारखान्याला दंड आणि महिनाभर परवाना बंद, जो परवाना मुळात नव्हताच, तो कारखान्यानं मधल्या काळात नवा काढला होता. भटूअण्णांचा साडू वकिलाशी हात मिळवत होता. मला निकालाची प्रत मिळाली, चार पानांची. ती घेऊन मी बाहेर आले.

मोगरीबाईनं मान वर केली. “झालं?”

“झालं. दंड झाला त्यांना.”

“दंड म्हणजे?”

“पैसे भरायचे.”

“कुणाला?”

“सरकारला.”

माझ्या हातातल्या कागदावर तिनं बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. “ह्यात माझी पोर कुठं आहे, दाखव.”

मी पहिल्या पानापासून वाचलं. एकेचाळीस पिशव्या होत्या. तेरा आकडे होते. बावीस जुलै होती. कारखान्याचा पत्ता होता, पिशवीची जाडी होती, गाईच्या चित्राचा रंगसुद्धा होता.

“नाही,” मी म्हटलं.

“नीट बघ.”

मी पुन्हा चारही पानं बघितली. “तिचं नाव नाही मोगरीबाई.”

“मग माझी पोर मेली कशानं?”

चौदा महिन्यांत मी तिच्या पाड्यावर दोनदा गेले होते. तिच्या हातची भाकरी खाल्ली होती. मॅडमनी काय केलं, भटूअण्णांनी काय केलं, सगळं सांगितलं होतं. एक गोष्ट सांगितली नव्हती.

“त्या पनीरनं मेली,” मी म्हटलं. “ते मी शिजवलं. वास येत होता, मला कळत होतं. मॅडम म्हणाल्या धुऊन घाला, मी धुऊन घातलं. त्याच्या आधी महिनाभर मला ठाऊक होतं की ते दुधाचं नाही. नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसले.”

ती रडली नाही. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “हे आत सांगितलंस?”

“सांगत होते. त्यांनी लिहून घेतलं नाही.”

मोगरीबाई उठली. तिनं माझं मनगट धरलं. आयुष्यभर कुदळ धरलेल्या बाईची पकड होती ती, आजही आठवली की हाडाशी जाणवते. ती मला ओढत दाराशी घेऊन गेली. शिपाई आडवा आला. “आई, सुनावणी संपली. साहेब निघालेत.”

“माझी नाही झाली,” ती म्हणाली आणि खांद्यानं दार ढकललं.

आत चहा आला होता. साडू, वकील, कारकून, सगळ्यांच्या हातात कप होते. अधिकारी फायलीला नाडी बांधत होते. मोगरीबाईनं मला टेबलापुढं उभं केलं.

“ही बाई सांगते ते लिहा.”

“अहो, प्रकरण बंद झालं,” अधिकारी म्हणाले. “तुम्हाला काही म्हणायचं असेल तर वेगळा अर्ज…”

“लिहा,” मोगरीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. माझं मनगट तिनं सोडलं नव्हतं.

कारकुनानं कप खाली ठेवला नाही. पेन उचललं नाही. वकील घड्याळ बघायला लागला. मी त्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि तेरा जुलैच्या दुपारपासून सांगायला सुरुवात केली. टेम्पो किती वाजता आला, पहिली पिशवी कापल्यावर काय झालं, कोण काय म्हणालं, मी काय केलं. मुलीचं पूर्ण नाव सांगितलं, इयत्ता सांगितली, गाव सांगितलं. दोनदा मला थांबवायला बघितलं त्यांनी. मी आवाज वाढवला. बाहेरच्या व्हरांड्यातली दारं एकेक करून उघडली, माणसं डोकावून बघायला लागली, आणि कुणी एक अक्षर लिहीत नव्हतं, तरी मी शेवटपर्यंत सांगितलं.